एका हंड्याची गोष्ट

शेवटचा पेपर टाकून बाहेर पडलं की होस्टेलमध्ये दोनच पंथ उरतात. पहिला, त्याच रात्री बॅग भरून गावाकडची गाडी गाठणारा. आणि दुसरा, 'अरे, आता चार दिवस कुठंतरी जाऊ या ना!' असं म्हणत मेस बंद होईपर्यंत पॅसेजमध्ये लोळत पडणारा. आम्ही अर्थातच दुसऱ्या पंथातले.

आमच्या विंगमध्ये कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. गाव हीच ओळख. मेकॅनिकलचा नागपूरकर, ई अँड टीसीचा कोल्हापूरकर, कॉम्प्युटरचा सोलापूरकर आणि सिव्हिलचा मी, म्हणजे लातूरकर. ही गोष्ट मे 2024 मधली. आम्ही सगळे सेकंड इयरला होतो. एम-थ्रीनं प्रत्येकाला थोडंफार सोलून काढलं होतं आणि निकाल लागेपर्यंत सगळेच 'ऑल क्लियर' होते!

प्रथेप्रमाणे आधी गोव्याचा प्लॅन झाला. प्रथेप्रमाणे तो खिशातल्या पैशांची बेरीज होताच कोसळला. मग सोलापूरकर म्हणाला, "भंडारदऱ्याला काजवे बघायला जाऊ. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन आठवडेच दिसतात म्हणे. दिवसा रतनगड, रात्री काजवे. माणशी हजाराच्या आत!" शेवटचं वाक्य ऐकून ठराव एकमतानं मंजूर झाला. एका सीनियरकडून टेंट उसना आणला, मॅगीची पाकिटं घेतली, स्पीकर चार्ज केला. तयारी संपली.

रात्रीच्या नाशिक एस.टी.नं संगमनेर, पहाटे तिथल्या स्टँडवर डासांच्या सोबतीनं चहा, मग अकोले, राजूर करत शेंडी. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. तिथं एक-एक लिटरच्या चार बाटल्या घेतल्या. जीपनं जलाशयाला वळसा घालत रतनवाडीत उतरलो तेव्हा दहा वाजले होते. गावात अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. त्याच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघत बसायला अख्खा दिवस पुरणार नाही. आम्ही दहा मिनिटांत उरकलं. गावाबाहेरच्या एका मोकळ्या शेतात, विचारून, टेंट टाकला. रात्रभराच्या प्रवासानं डोळे चुरचुरत होते म्हणून एका बाटलीतल्या पाण्यानं चौघांनी तोंडं धुतली. उरलेलं कोल्हापूरकरानं सोलापूरकराच्या अंगावर उडवलं. खूप हसलो.

म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, रात्रभर न झोपलेले चार इंजिनियर तीन लिटर पाणी घेऊन गड चढायला निघाले. आता लिहितानाही लाज वाटते.

वाट आधी प्रवरा नदीच्या पात्रातून जाते. पावसाळ्यात काय दिसत असेल कोण जाणे, पण तेव्हा नुसते तापलेले धोंडे होते. नागपूरकर सगळ्यांच्या पुढं. "हे काय ऊन आहे का बे? आमच्याकडं एवढं तर सावलीत असते!" असं म्हणून त्यानं टोपीसुद्धा सॅकमध्ये टाकली. जंगलात शिरल्यावर सावली मिळाली, पण वारा बंद. तासाभरात दोन बाटल्या रिकाम्या. शिड्यांच्या अलीकडं पोचलो तेव्हा नागपूरकर मागं पडला होता आणि मुख्य म्हणजे गप्प झाला होता. नागपूरकर गप्प आहे हेच खरं तर धोक्याचं लक्षण, पण आम्ही त्याची थट्टा करत राहिलो. मग तो एका दगडावर बसला, उलटी केली आणि म्हणाला, "पायात गोळे येऊन राहिले बे. थंडी वाजते."

चाळीसच्या आसपासच्या उन्हात थंडी! हात लावून पाहिला तर अंग ओलं आणि गार. मला काहीच सुचेना. उरलेली बाटली त्याला घोट-घोट पाजली. रतनगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते बघायला आम्ही आलो होतो. त्याचं नावही कुणी काढलं नाही. मी आणि कोल्हापूरकरानं त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि उतरायला लागलो. फोनला रेंज नाही. जीप केव्हाच परत गेलेली. तो मध्येच बसायचा आणि "दोन मिनिटं झोपू दे" म्हणायचा. त्या उतारावरची भीती मी घरी अजून सांगितलेली नाही. हा अंक घरी जाणार आहे, तेव्हा आता कळेलच.

गावाच्या कडेला पहिलं घर लागलं. अंगणात एक आजी गवऱ्या रचत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. आमच्या तोंडाकडं बघितलं आणि पडवीत घोंगडी टाकली. नागपूरकराला आडवं केलं, पाय एका पोत्यावर वर ठेवले, लुगड्याचं जुनं फडकं भिजवून मानेवर आणि काखेत लावलं. तांब्यात पाणी घेऊन त्यात साखर आणि मीठ ढवळलं. "एकदम नको देऊ. घोट घोट दे," मला म्हणाल्या. अर्ध्या-पाऊण तासानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. सोलापूरकर तोंड फिरवून रडत होता, हे आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग आजींनी आम्हां तिघांनाही पाणी दिलं. मी दोन पेले गटागट प्यालो, तिसरा अर्धा झाला आणि तळाशी उरलेलं पाणी सवयीनं अंगणात फेकलं. होस्टेलच्या कूलरपाशी आपण सगळे फेकतो, तसंच.

"पोरा, टाकू नको रे. शेळीला झालं असतं," आजी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

मी घरात डोकावलो. कोपऱ्यात दोन हंडे होते. एक पालथा होता. दुसऱ्यात आम्ही आल्यापासून पाणी बरंच खाली गेलं होतं.

इथं मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी लातूरचा. 2016 साली मी शाळेत होतो. मांजरा धरण आटलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. मग 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपडे धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासाला जायचं. पेला भरून पाणी घेतलेलं आईला चालायचं नाही. 'लागेल तेवढंच घे, हवं तर परत घे' हा नियम होता. हे सगळं अनुभवलेला मुलगा दोन वर्षं होस्टेलवर राहिला आणि नळ चालू ठेवून दाढी करायला शिकला. दुसऱ्या कुणी ते पाणी फेकलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी फेकलं!

थोड्या वेळानं आजींच्या सूनबाई आल्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर एकावर एक दोन हंडे. मी विचारलं, "वहिनी, विहीर कुठंय?" त्या हसल्या. "खाली हाय. पण लगेच न्हाई भेटत. झिरपायची वाट बघाया लागती."

अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की झाडांच्या फटीतून भंडारदऱ्याचा जलाशय दिसत होता. ऊन पडलेलं पाणी चमकत होतं. हे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. उंची सुमारे 82 मीटर, साठा 11 टीएमसीच्या आसपास. त्या पाण्यावर खाली प्रवरेच्या कालव्यांनी शेकडो गावांत ऊस उभा केला. 'धरण उशाशी आणि कोरड घशाशी' ही म्हण पेपरात खूपदा वाचली होती. त्या दिवशी तिच्या अंगणात उभा होतो.

निघताना कोल्हापूरकरानं आजींच्या हातात पैसे ठेवले. त्यांनी परत दिले. "पाण्याचं कुणी पैसं घेतं का?" मग कोल्हापूरकर म्हणाला, "आजी, हंडे तरी द्या. आम्ही भरून आणतो." आजींना हसू आवरेना, पण दिले.

नागपूरकरापाशी सोलापूरकराला बसवून आम्ही दोघं वहिनींच्या मागं विहिरीवर गेलो. तळाशी गुडघाभर पाणी. आमच्या आधी चार बायका. पोहरा सोडायचा, हंडा भरायचा, पुन्हा थोडं थांबायचं. एक हंडा साधारण पंधरा लिटरचा. चढावर मी तो खांद्यावर घेतला, पन्नास पावलांत डोक्यावर घेतला, शंभर पावलांत पुन्हा खांद्यावर. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. वहिनी दोन हंडे घेऊन, एकाही हंड्याला हात न लावता, पुढं जाऊन आमची वाट बघत उभ्या! एका खेपेला सव्वा तास लागला. आम्ही दोन केल्या. कोल्हापूरकर रात्री म्हणाला, "भावा, जिमचे पैसे परत मागायला पाहिजेत."

रात्री आजींच्याच पडवीत झोपलो. नागपूरकरानं भाकरी आणि आमटी खाल्ली तेव्हा जीव भांड्यात पडला. आठच्या सुमाराला वहिनींच्या मुलानं आम्हांला घरामागच्या झाडांकडं नेलं. स्पीकर सॅकमध्येच होता, कुणी काढला नाही. सोलापूरकरानं मोबाईलची टॉर्च लावली तर ते पोरगं म्हणालं, "विझव ना, मग त्ये दिसत न्हाईत." विझवली. आधी काहीच दिसेना. मग एक ठिपका, मग दहा, मग अख्खं झाड. उघडझाप, उघडझाप. काजवे या प्रकाशातून जोडीदाराला खुणा करतात, म्हणून आपल्या टॉर्चनं आणि गाडीच्या हेडलाईटनं त्यांचा संवादच तुटतो. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते, असं वाचलं होतं. ज्या उन्हानं दुपारी आमचा मित्र आडवा केला, त्याच डोंगरावर रात्री असा थंड उजेड! नागपूरकर बराच वेळानं बोलला, "परत येऊ बे. पण नीट येऊ."

पुढच्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या पेपरला आम्हांला एक आकडा पाठ करायचा होता. दरडोई, दररोज 135 लिटर. होस्टेलसाठीही आयएस 1172 मध्ये तोच आकडा दिलाय. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी 55 लिटर. सर फळ्यावर लिहीत होते आणि मी वहीच्या कोपऱ्यात वेगळंच गणित करत होतो. आजींच्या घरात पाच माणसं. वहिनींच्या त्या दिवसांतल्या खेपा तीन, प्रत्येक खेपेला दोन हंडे. म्हणजे नव्वद लिटर. भागिले पाच, अठरा. त्यातून शेळ्या वजा. आणि त्या दिवशी चार पाहुणे. फडक्यासह एक हंडा तरी आम्ही संपवला असेल. म्हणजे एका बाईची अर्धी खेप, उन्हातली. आकडा पाठ करायची गरजच पडली नाही.

तेव्हा ज्युनियर मंडळींनो, उन्हाळ्यात जरूर भटका. घरी कूलरसमोर पडून राहण्यापेक्षा ते शंभर पटींनी चांगलं. ज्यांना रतनगड नको त्यांनी बारी गावातून कळसूबाई करा. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पहाटे तीनला निघालात तर सूर्योदय वर बघून ऊन चढायच्या आत खाली येता येतं. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी. पण आमच्यासारखं करू नका. उन्हाळ्यात चढ पहाटे सुरू आणि दहाच्या आत संपलेला हवा. आदल्या रात्री झोप हवी. माणशी तीन लिटर पाणी, डोक्यावर टोपी, खिशात ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मित्र अचानक गप्प झाला तर थट्टा बंद, चढ बंद. मुक्काम कुठं करता येईल हे वनखात्याच्या नाक्यावर आणि गावात विचारा. जेवण गावात घ्या आणि त्याचे पैसे नीट द्या. आणि पाणी? ते मात्र खालूनच न्या. जीपच्या टपावर वीस लिटरचा एक जार सहज बसतो. आम्हांला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सुचायला हवं होतं.

होस्टेलवर परतलो त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा नळ गळत होता. तो आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हापासूनच गळत होता. मी खाली बादली ठेवली. सकाळी ती भरून वाहत होती. बादली पंधरा लिटरची. रेक्टर सरांच्या तक्रारवहीत मी लिहिलं: 'नळ गळतो. रोज रात्री एक हंडा.' सरांनी बोलावून विचारलं, "हंडा हे कुठलं युनिट रे?" मी सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला.

2025 ला आम्ही पुन्हा जाणार होतो, पण मान्सून 26 मेलाच मुंबईत पोचला आणि बेत वाहून गेला. आजींची विहीर लवकर भरली असेल, म्हणून वाईट वाटलं नाही. यंदा शेवटचा पेपर झाला की नक्की. दोन जार आताच सांगून ठेवलेत. जीपमध्ये दोन जागा शिल्लक आहेत. यायचं असेल त्यानं आमच्या रूमवर येऊन भेटावं. स्पीकर आणायचा नाही. आणि पेल्यात उरलेलं पाणी फेकणाऱ्याला आधी दोन हंडे भरून आणावे लागतील!