पांढरी शिधापत्रिका

आमची शिधापत्रिका पांढरी होती आणि आईला तिचा थोडा अभिमानही होता. ती बाबांच्या नोकरीच्या काळातली. पुढे बाबा निवर्तले, थोरल्या भावाचे दुकान बसले. पत्रिकेचा रंग मात्र तोच राहिला.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते. पिवळ्या व केशरी पत्रिकाधारक कुटुंबांसाठी शासन विम्याचा वार्षिक ३३३ रुपये हप्ता भरी आणि दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळत. केशरीला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाखाची. त्याच वर्षी भावाचे हृदयाचे दुखणे बळावले. शेजारचा यंत्रमाग कामगार पात्र, आम्ही अपात्र! हिशेब मांडला, तेव्हा आमचे वार्षिक उत्पन्न ऐंशी हजारही भरेना. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढावा, असे मी सुचवले.

"लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने आईच उठली आणि ट्रंकेतली पत्रिका काढून तिने माझ्या हाती दिली. केशरी पत्रिका झाली, शस्त्रक्रियाही पार पडली.

आता योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरे पत्रिकाधारकही पात्र ठरले. बरे झाले. पण आमच्या आड केवळ रंग नव्हता. आपली गरज चारचौघांत मान्य करण्याचा संकोच होता. तो दूर करणारा शासन निर्णय आईने स्वतःच काढला.