आधी रॉकेल, मग पाना

कोकणात गाडी शोरूममधून एकदाच आणायची असते. पुढे दर पावसाळ्यानंतर ती गंजाच्या तावडीतून सोडवून आणावी लागते. रत्नागिरीच्या आमच्या एकत्र घरात वाढलेल्या चुलत भावंडांपैकी कोणालाही विचारा, भाद्रपद-आश्विन म्हटलं की गणपती आणि नवरात्राच्या जोडीला अण्णाकाकांचा पान्यांचा डबा आठवतोच. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा. तोवर आमची चेतक स्कूटर उघडून, साफ करून, परत जोडून झालेली हवी, असा घरचा दंडक. गंजक्या गाडीला झेंडूचा हार घालणं आजीला मंजूर नव्हतं.

चेतक बाजारात आली १९७२ साली. आमच्याकडे ती आली त्यानंतर बऱ्याच काळाने, कारण नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. एवढं थांबून मिळालेली गाडी बिघडली म्हणून कोणी बदलत नसे. आता त्याला काटकसर, पर्यावरणाची जाण अशी मोठी नावं देतात. खरं सांगायचं तर दुसरी मिळतच नव्हती, म्हणून हीच दुरुस्त व्हायची.

अण्णाकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बोलणं बेताचं, त्यातही दोन वाक्यं ठरलेली. एक, ‘आधी रॉकेल, मग पाना’. दुसरं, ‘बॅटरी नीट धर’. या दुसऱ्या वाक्याचे धनी आम्ही सगळेच झालो. बॅटरी धरणाऱ्याला काकांना काय दिसतंय हे कळत नसतं आणि काकांना हवं तिथे त्याचं स्वतःचं डोकं आड येत असतं. ‘माझ्या तोंडावर नको, बोल्टवर!’ हे ऐकत आमचं अर्धं बालपण गेलं. त्यात मुलगा-मुलगी असा भेद मात्र नव्हता. ताईच सगळ्यांत चांगली बॅटरी धरायची, म्हणून तिच्याच हाती आधी पाना आला.

रॉकेलचा मामला नाजूक होता. ते रेशनवर मिळे, आणि स्टोव्हसाठी राखलेल्या डब्यावर आईची करडी नजर असे. काका वाटीभर मागायचे, आई अर्धी वाटी द्यायची. उरलेल्याची भर गाडीचं जळकं ऑइल घालून. हे मिश्रण चिंधीवर ओतायचं, चिंधी बोल्टभोवती सुतळीने बांधायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. आम्हा पोरांना हे थांबणं जिवावर यायचं. गाडी समोर उघडी पडलीय, पाने मांडून ठेवलेत, आणि काका पाय धुऊन जेवायला बसलेत!

सगळ्यांत हट्टी बोल्ट सायलेन्सरच्या क्लॅम्पचा. एका बाजूने इंजिनाची धग, दुसऱ्या बाजूने रस्त्यावरचा चिखल, आणि बारमाही खारा वारा. टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर काजळीने भरत असल्यामुळे तो अधूनमधून काढावाच लागे. पेट्रोल काढून घेऊन गाडी गोणपाटावर डावीकडे आडवी करायची. तारेच्या ब्रशने आटे मोकळे दिसेपर्यंत घासायचे. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके, पण नेमके ठोके, म्हणजे आतली गंजाची पकड तडकते. मग रिंग पाना, कारण तो नटाचे सहाही कोपरे धरतो. स्क्रू पान्याला या कामात मज्जाव होता. तो घसरतो, नट गोल होतो आणि मग पुढे सगळी छिन्नी-हातोड्याची कर्मकथा. पाने नाशिकच्या टपारियाचे, दर खंडेनवमीला हळदकुंकू लागून पिवळट झालेले.

पाना लावला की काका पहिल्यांदा बोल्ट घट्ट करायच्या दिशेला किंचित दाबत. सोडवायचा असताना आवळतात कशाला, हे आम्हाला कळत नसे. जाम झालेला बोल्ट कोणत्याही दिशेला केसभर हलला की गंजाचा थर मोडतो, तेल आत शिरायला वाट मिळते. मग पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, परत थेंबभर रॉकेल. आट्यांतून विटकरी रंगाची ओली पूड बाहेर यायची आणि ‘कर्रर्र’ असा आवाज व्हायचा. तो आवाज शुभ. आवाज न करता बोल्ट एकाएकी मऊपणे फिरायला लागला की काकांचा हात जागच्या जागी थांबे. याचा अर्थ आटे सुटत नाहीयेत, बोल्टच पिळवटतोय. तिथे अजून जोर लावला की तुटला म्हणून समजा. जोरापेक्षा हे थांबणं शिकायला आम्हाला जास्त वर्षं लागली.

गंज लोखंडाला नुसता खात नाही, तो जागाही अडवतो. झिजलेल्या लोखंडापेक्षा त्याचा गंज दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा बसतो. पाइप लावून पाना लांब केला तर ही पाचर निघत नाही, बोल्टची मान निघते. नट तापवला तर तो फुगून सैल होतो. गरम बोल्टला काका मेणबत्तीचा तुकडा टेकवायचे, मेण वितळून आट्यांत ओढलं जाई. रॉकेल लावलेल्या बोल्टजवळ मात्र ज्योत न्यायची नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

चेतकच्या इंजिनाची केसिंग ॲल्युमिनियमची, तिच्यातले स्टड पोलादी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे तिथे स्टड न तापवता केसिंग तापवायची. हे काकांनी पाटीवर आकृती काढून समजावलं, पण डोक्यात शिरलं आजीमुळे. एकात एक अडकलेली दोन फुलपात्रं तिने गरम पाण्यात ठेवली, आतल्यात गार पाणी ओतलं आणि अलगद वेगळी करून दाखवली. ‘एवढंच ना तुझं शास्त्र?’ असं काकांना विचारून ती देवघरात निघून गेली.

सुटे झालेले नट आणि वायसर काकूच्या ताब्यात. तिने जुनं इडलीपात्र त्यासाठी दिलं होतं. एकेका खळग्यात एकेका जागेचे नट, म्हणजे जोडताना चुकामूक नाही. तांब्याची भांडी घासायला भिजवलेल्या आमसुलांच्या पाण्यात ती बारीक नट टाकून ठेवायची. गंज निघायचा, पण बाहेर काढून लगेच कोरडे करून तेल लावलं नाही तर तासाभरात परत तांबूस व्हायचे. हे काम धाकट्या भावंडांचं.

एवढं करूनही बोल्ट तुटायचे. स्टडचा बुडखा थोडा बाहेर राहिला असला तर नाक्यावरच्या वर्कशॉपमध्ये त्याच्यावर नट वेल्ड करून घ्यायचा. वेल्डिंगची धग आणि धरायला नवं डोकं, दोन्ही एकदम मिळतं. बुडखा आतच राहिला तर बरोबर मध्यावर सेंटर पंच, मग ड्रिल, मग तुटका बोल्ट बाहेर काढणारा, उलट्या आट्यांचा ईझी-आऊट. या ईझी-आऊटचं काकांना भय वाटे. तो कडक पोलादाचा. भोकात तुटला की त्याला साधं ड्रिल लागत नाही आणि एका दुखण्याची दोन होतात. माझ्या मते बोल्टचा बुडखा बाहेर असताना ईझी-आऊट काढणारा मिस्त्री घाईत असतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

घरात येणाऱ्या नव्या जावयाची परीक्षा सायकलवर व्हायची. डावं पॅडल काढायला सांगायचं. त्याचे आटे उलटे असतात, हे ज्याला ठाऊक नाही तो ते आवळतच बसे. आत्तेचे यजमान, बँकेतले अधिकारी, घामाघूम झाले होते. काकांनी शेवटी चहा मागवून त्यांची सुटका केली.

आता आमच्यातले कोणी पुण्यात, कोणी डोंबिवलीत, ताई बडोद्याला. रॉकेलची जागा स्प्रेच्या डब्याने घेतली आणि तो रॉकेलपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण फवारा मारून लगेच पाना लावणाऱ्यांचे बोल्ट आजही तुटतात, हे ताईने तिच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये पाहिलंय. आमची चेतक रत्नागिरीतच आहे आणि किकला सुरू होते.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी पोत्याखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिच्या चार-दोन बोल्टना तेल लावून एक रात्र जाऊ द्या. आणि चेतकसारख्या स्कूटरच्या रिमचे दोन पेले जोडणाऱ्या नटांना हात घालण्याआधी चाकातली हवा पूर्ण सोडा. भरल्या चाकाचं रिम उघडताना पेले उडून माणूस जबर जखमी होऊ शकतो.