आधीच घडलेलं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचायला बंदी, म्हणून भाची तिचा इंग्रजी व्याकरणाचा धडा मोठ्यानं वाचत बसली. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ पिढ्यान्‌पिढ्या मरतोय बिचारा! खरं तर ‘बिफोर’ असताना ‘हॅड’ गाळलं तरी चालतं. आधी काय, नंतर काय, ते कळतंच.

मराठीत आपण ‘काल पुण्याला गेलो होतो’ असं सहज म्हणतो. जाऊन आलो, एवढंच. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा थांबतो : जाण्यानंतरचं काय ते सांगा. भूतकाळातला आणखी एक क्षण त्याला हवा असतो, ज्याच्या आधी हे उरकलेलं असतं.

बाबांच्या वेळी मी मुंबईहून पुण्याला निघालो होतो. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडत होते, फलाटावर गर्दी होती. मी खाली उतरून चहा घेतला, वडापावही घेतला. बाबा तेव्हा गेलेले होते. मला ते घरी पोचल्यावर कळलं. तेवढा वेळ माझ्यापुरते ते होते की नव्हते? चहा चांगला होता, आलं घातलेला. हे मी आईला कधी सांगितलं नाही.