रुळांची विचारपूस

आपल्या शाळेच्या विज्ञान दालनात, पश्चिमेकडील खिडकीखाली, आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवुडच्या फळीवर एक छोटी आगगाडी आहे. एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून येताना ती पेट्यांमधून आणून शाळेस भेट दिली. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर ती बंद पडली आणि 'इंजिन जळाले' असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष तेवढ्यावरच थांबला नाही. गाडी थांबली तेव्हा वेग कमीजास्त करण्याची कळ सातवीतल्या एका मुलाच्या हातात होती. तेव्हा इंजिन त्यानेच जाळले, असेही ठरून गेले. त्याला कोणी रागावले नाही. परंतु वसतिगृहात अशा गोष्टी न बोलताही ठरतात, हे ज्यांनी तेथे वर्षे काढली आहेत त्यांना सांगावयास नको. त्या मुलाने दालनात येणे सोडले.

मी ह्याच वसतिगृहाचा जुना विद्यार्थी, पुढे रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला. नवे इंजिन मागवावे की फळी झाकून ठेवून द्यावी, असा विचार चालू असताना मुख्याध्यापकांनी मला निरोप धाडला. त्या सुटीत व त्यानंतर अनेक रविवारी, वंदना व नाश्ता आटोपला की, मी मुलांबरोबर त्या फळीपाशी बसत आलो आहे. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आठवणींपेक्षा ह्या गाडीच्या दुखण्यांविषयीच लिहावे असे वाटले. आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

प्रथम गाडीची ओळख. तिचे प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी मिलिमीटर येथे एका मिलिमीटरात बसतात. दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या लोहमार्गाशी हे तंतोतंत जुळते. आपल्याकडील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिला खरे म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटरची वाट हवी. म्हणून भारतीय गाडीची प्रतिकृती ह्या रुळांवर उभी केली की ती अंगाने भरलेली आणि पायाने अरुंद दिसते. असो. महत्त्वाचे हे की ह्या गाडीला डोक्यावरची तार नाही. एक रूळ धन, दुसरा ऋण. बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह रुळातून चाकात, चाकाला टेकलेल्या तांब्याच्या पातळ पट्टीतून मोटारीत, आणि पलीकडच्या चाकातून परत रुळात जातो. ह्या वाटेत कोठेही खंड पडला तरी बाहेरून दिसते ते एकच : इंजिन थांबले. म्हणून दोष नेहमी इंजिनाच्या माथी येतो.

पालकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. भिंतीतील २३० व्होल्टचा प्रवाह ज्या डबीत उतरवून घेतला जातो ती डबी कारखान्यातून बंद होऊन आलेली असावी आणि मुलांनी ती कधीही उघडू नये. मुलांचा व्यवहार डबीच्या पुढच्या बारा व्होल्टशी.

पहिल्या दिवशी आम्ही एवढेच केले की इंजिन उचलून टेबलावर उलटे ठेवले, डबीपासून दोन तारा आणल्या आणि त्यांची टोके दोन बाजूंच्या चाकांना टेकवली. चाके गरगर फिरली. इंजिन जळालेले नव्हते. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, आणि जळक्या इंजिनाची बातमी त्यापूर्वी महिनाभर शाळेत फिरत होती. मी त्या मुलाला बोलावणे धाडले. तो आला, पण दाराशीच उभा राहिला.

मग रूळ पाहिले. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा रुळावरून फिरवला तो काळा होऊन आला. धूळ, तेलाचा अंश, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज आणि ठिणग्यांनी धरलेली काजळी ह्यांचा थर रुळावर बसतो व प्रवाह अडवतो. गाडी आचके देत चालू लागली की प्रथम हाच संशय घ्यावा. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. सँडपेपर वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो, आणि तारेची घासणी तर मुळीच नको, तिचे बारीक तुकडे मोटारीतले चुंबक ओढून घेते. इंजिनाची चाके पुसण्याची युक्ती मुलांना फार आवडली. ओले कापड रुळांवर आडवे अंथरायचे, इंजिनाची अर्धी चाके रुळावर व अर्धी कापडावर ठेवायची, इंजिन हाताने धरून प्रवाह सोडायचा. कापडावरची चाके जागच्या जागी फिरून आपली आपण पुसली जातात. मग इंजिन फिरवून उरलेली अर्धी.

एवढे करूनही खिडकीच्या बाजूचा तीन फुटांचा तुकडा मेलेलाच राहिला. गाडी थांबली होती ती तेथेच. ह्याचे कारण शोधण्यात दोन दिवस गेले, आणि माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणात शिकण्यासारखे काही असेल तर ते येथे आहे. रुळांचे तुकडे एकमेकांना छोट्या धातूच्या खोबणीने जोडलेले असतात. प्रवाहही ह्याच जोडांतून पुढे जातो. जोड सैल झाला, आत गंज चढला, की प्रवाह तुटतो. पण आपला मार्ग वर्तुळाकार आहे. एक जोड निकामी झाला तर प्रवाह उलट बाजूने फिरून येतो, गाडी चालत राहते आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. कित्येक महिन्यांनी त्याच रुळाचा दुसरा जोड जातो. तेव्हा त्या दोन जोडांमधला भाग एकदम मरतो आणि त्या क्षणी कळ ज्याच्या हातात असेल तो अपराधी ठरतो. आमच्या फळीवर नेमके हेच झाले होते. खोबणी काढून पाहिल्या : एकीच्या आत हिरवट गंज जुना व जाड, दुसरी नुसती ढिली. त्यांतली पहिली निकामी झाली तेव्हा हा मुलगा कदाचित शाळेत दाखलही झालेला नसेल. मी दोन्ही खोबणी त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने त्या बराच वेळ पाहिल्या आणि विचारले, "काका, म्हणजे आधीपासूनच होतं?" "आधीपासूनच," असे म्हणून मी त्याच्या हाती मल्टिमीटर दिला.

जोडांवर विसंबू नये, हा त्यावरचा उपाय. फळीखालून दोन जाड तारा फिरवाव्यात आणि दर तीन फुटांवर त्यांतून एकेक बारीक तार वर आणून प्रत्येक रुळाला सोल्डरने जोडावी. दूरच्या कोपऱ्यात गाडी मंदावत असेल तर तेही ह्यानेच बरे होते. मीटरने तपासणी करताना मात्र एक पथ्य आहे. मार्गावर गाडी नसताना मोजले तर सैल जोडापलीकडेही मीटर पुरते बारा व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाह वाहतच नसतो. इंजिन त्या जागी ठेवून, ते ओढत असताना मोजावे. आमच्या त्या कोपऱ्यात रिकाम्या मार्गावर बारा आणि इंजिनासह सात असा आकडा आला, तेव्हा मुलांचा मीटरवरचा विश्वास थोडा उडाला आणि मोजण्याच्या रीतीवरचा बसला.

गाडी रुळावरून घसरणे हे दुसरे मोठे दुखणे. येथे मला माझ्या वडिलांविषयी लिहिणे भाग आहे. ते मलकापूरच्या बाजूला कीमन होते. खांद्यावर हातोडा, हाती पाना, काखेत लाल-हिरवी निशाणे. ऊन असो की पाऊस, रोज आपल्या हद्दीचा लोहमार्ग पायी चालून जायचे, सैल चावी दिसली की ठोकायची, फिशप्लेटचा बोल्ट ढिला असला की आवळायचा. आपल्या समाजातील कितीतरी घरांत हे काम केलेली माणसे आहेत व ह्या स्मरणिकेच्या वाचकांत त्यांची मुले-नातवंडे असतील. गाडी कोठे डुलली असे ड्रायव्हरने कळवले की वडील पहिला प्रश्न विचारीत : एकच गाडी डुलली की सगळ्या? एकच असेल तर डब्यात पाहा. सगळ्या डुलत असतील तर आमच्या रुळात.

मुलांना मी हाच प्रश्न दिला. प्रत्येक डब्याला व वाघिणीला क्रमांक चिकटवला, आणि घसरल्याबरोबर रुळाशेजारी खडूची खूण करून वहीत क्रमांक, जागा व वेळ लिहावयास सांगितले. इंजिन चालवण्यासाठी सगळे रांग लावतात. वही धरण्यास प्रथम कोणी तयार नव्हते. सातवीतल्या त्या मुलाने ती घेतली. आठवडाभरात पाने बोलू लागली. चौथ्या क्रमांकाची वाघीण सर्वत्र घसरत होती. व्हर्नियरने मोजले तर तिच्या एका आसावरील चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर कमी भरले. ते साधारण साडेचौदा मिलिमीटर असावे लागते. चाक हलकेच फिरवत बाहेर ओढल्यावर तिची तक्रार संपली. उलट वळणावरच्या एका जागी सहा निरनिराळे डबे घसरले होते. तेथे रुळाच्या आतल्या कडेवरून नख फिरवले तर ते अडकले : जोड वळणावर आला होता आणि रूळ तेथे कोनात मोडला होता. डोळ्याला न दिसणारे नखाला कळते. रूळ सोडवून, जोड वळणाच्या अलीकडे सरळ भागात घेतला.

रिकाम्या वाघिणी फार हलक्या असल्या तरी घसरतात. सहा इंच लांबीच्या वाघिणीचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर असावे. आम्ही आत लोखंडी वॉशर चिकटवले. तेलाविषयी एवढेच, की टाचणीच्या टोकावर मावेल तेवढे पुरे. जास्तीचे तेल रुळावर येते आणि वर सांगितलेल्या काळ्या थराचा जन्म होतो.

आठवीच्या दोन मुलींनी एक नवा मार्ग जोडला, ज्यावरून गाडी वळसा घेऊन आल्या वाटेने परत फिरेल. कल्पना उत्तम, पण शेवटचा रूळ बसवताच डबीतला संरक्षक खटका पडला. त्यांना वाटले, कोठेतरी खिळा पडला आहे. खिळा, टाचणी, केसांची पिन ह्यांनी शॉर्ट होतो खरा, म्हणून प्रथम ते पाहावेच. येथे मात्र कारण मांडणीतच होते. मी एका मुलीच्या वेणीची रिबीन मागून घेतली, तिची एक कड शाईने रंगवली आणि वळसा देऊन टोक मधल्या भागाला टेकवले : रंगीत कड कोऱ्या कडेला येऊन मिळाली. रुळांचेही तसेच, उजवा रूळ फिरून डाव्याला भेटतो, धन ऋणाला. वळशाच्या दोन्ही तोंडांशी प्लॅस्टिकच्या खोबणी घालून तो भाग अलग करायचा, त्याला प्रवाह उलटवणारे वेगळे बटण द्यायचे, आणि गाडी वळशात असताना बाहेरच्या मार्गाची दिशा बदलायची. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीच्या गाड्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांत दोन्ही रूळ एका ध्रुवाचे व दुसरा ध्रुव मधल्या खिळ्यांच्या ओळीत असतो. मुलींनी हे ऐकून आपली गाडी तशी का नाही असे विचारले. भेट आलेल्या गाडीला हा प्रश्न विचारता येत नाही.

सांधे बदलणाऱ्या विजेच्या कळा मुलांनी दाबून धरू नयेत. आतल्या गुंडाळीला क्षणभराचाच प्रवाह सोसतो. गाडीत खरोखर काही जळत असेल तर बहुधा ही गुंडाळी.

राहता राहिली हवा. पावसाळ्यात फळी फुगते, मे महिन्यात रूळ वाढतात. निकेल सिल्व्हर ह्या मिश्रधातूचा (नाव काही असो, त्यात चांदी नसते) एक मीटरचा रूळ वीस अंशांनी तापला की मिलिमीटरचा सुमारे तिसरा हिस्सा वाढतो. हे क्षुल्लक वाटते. परंतु आठ फुटांत ते पाऊण मिलिमीटर होते, आणि फट ठेवली नसेल तर रूळ कोठेतरी कुबड काढतो. वडिलांच्या वेळी तेरा मीटरच्या रुळांमध्ये फट ठेवत ती ह्याचसाठी. आमच्या फळीला आता खालून रंगाचे दोन हात दिले आहेत, ज्यामुळे दमट हवा कमी शिरते. पाली मात्र आवरत नाहीत.

पुण्यास कोथरूडमध्ये जोशी ह्यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. सहल तिकडे गेल्यास मुलांनी वरची गाडी पाहून झाल्यावर फळीखालच्या तारा दाखवण्याची विनंती जरूर करावी.

एक दोष अद्याप सापडलेला नाही. खिडकीजवळच्या सायडिंगमध्ये गाडी अधूनमधून थांबते आणि बोटाने ढकलल्यावर चालू लागते. वहीत अशा अकरा नोंदी आहेत, सगळ्या दुपारी तीन ते पाच ह्या वेळेतल्या, आणि ढगाळ दिवसाची त्यांत एकही नाही. ऊन पडले की तेथला एखादा सोल्डरचा टाका उघडत असावा, असे वही ठेवणाऱ्याचे म्हणणे आहे. तो आता खिडकीला पडदा लावून एक आठवडा, व पडदा काढून एक आठवडा अशा नोंदी घेणार आहे. त्यासाठी त्याला दुसरा मल्टिमीटर हवा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी चालू स्थितीतला जुना असेल तर मेळाव्याला येताना घेऊन यावा. जुन्या सुती साड्यांचे तुकडेही चालतील.