लिद्दरच्या दगडाखाली

पहलगामला जाणारे बहुतेक जण लिद्दर नदी पुलावरूनच बघतात. फोटो काढतात, पाण्यात पाय घालतात, दहा मोजेपर्यंत ओरडत बाहेर येतात. ट्राउट मासा पकडणारे मात्र आधी दगड उलटतात, गळ नंतर टाकतात. आमच्या काश्मीरच्या मुक्कामात मला सर्वांत जास्त आवडलं ते हेच.

ट्राउट हा तिथला मूळचा मासा नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी आणली गेली आणि पुढे श्रीनगरजवळच्या हारवनला त्यांचं संवर्धन केंद्र उभं राहिलं. थंड, खळाळतं पाणी या माशाला मानवलं. त्याला पकडायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नदीचा ठरावीक पट्टा वाटून मिळतो. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, तसं तिथे चालत नाही. हुकावर दोरा, मोरपिसाचे तंतू, कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून खोटा किडा बांधतात. त्यालाच फ्लाय म्हणतात. मासा चोखंदळ असतो. त्या दिवशी पाण्यात जो किडा आहे, त्याच्यासारखाच फ्लाय हवा. म्हणून किड्यांची ओळख आधी.

आम्हाला आरूच्या वाटेवर घेऊन गेलेले चाचा साठीच्या पुढचे. पश्चिम लिद्दर कोलाहोई हिमनदीतून येते, ती याच बाजूला. मे महिन्यात बर्फ वितळून मुख्य प्रवाह राखाडी आणि दांडगा झालेला, म्हणून त्यांनी आम्हाला कडेच्या एका नितळ झऱ्याशी नेलं. ताटलीएवढा दगड उचलून उलटा धरला आणि माझ्या मुलीला म्हणाले, "बेटी, दुम गिनो."

शेपट्या मोजायच्या! दोन असतील तर बहुधा स्टोनफ्लाय, तीन असतील तर मेफ्लाय. काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, तेव्हा कल्ले बघायचे. मेफ्लायच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि सारखे हलतात. स्टोनफ्लायचे कल्ले असलेच तर ते बहुधा पायांच्या मुळाशी, झुबक्यासारखे. भिंग असेल तर पाय बघा. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायला एकच. वाळूचे कण आणि काड्या चिकटवून केलेल्या नळीत कुणी बसलं असेल, तर ती कॅडिसची अळी. असं घर बांधणाऱ्या कारागिराला कुणी शिकवलं, हा प्रश्न आपल्या घरात विचारायची गरज नाही.

पंख फुटल्यावरही फरक कळतो. मेफ्लायचे पंख होडीच्या शिडासारखे उभे, कॅडिसचे कौलारू छपरासारखे उतरते, स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट घडी घातलेले. स्टोनफ्लायचं पिल्लू एक ते तीन वर्षं पाण्यात काढतं आणि मोठं व्हायची वेळ आली की सरपटत काठावरच्या दगडावर चढून कात टाकतं. ते नीट पोहत नाही. म्हणून त्याचा फ्लाय जड बांधून तळाशी, काठाजवळ सोडायचा. मेफ्लाय मात्र बहुतेक वेळा पाण्याच्या पृष्ठभागावरच कात टाकते, तिथे हलका, तरंगता फ्लाय लागतो. किडा ओळखला नाही तर दिवसभर गळ टाकून हात दुखतील, एवढंच.

मुलीने एक स्टोनफ्लाय डब्यातल्या पाण्यात ठेवला. थोड्या वेळाने तो पाय रोवून अंग खालीवर करू लागला. "अम्मी, हा जोर काढतोय!" ती हसली. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "साँस घुट रही है उसकी." साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हा किडा असाच अंग हलवून कल्ल्यांवरून पाणी फिरवतो. त्याला गार, वाहतं, स्वच्छ पाणीच लागतं. सांडपाणी मिसळलं की आधी जाणाऱ्यांत तो असतो. आम्ही त्याला लगेच सोडून दिलं.

परतताना बाजाराच्या खालच्या अंगाला चाचांनी गाडी थांबवली. तिथला दगड उलटला तर खाली हिरवट चिकटा आणि तांबड्या अळ्या. दुसरा, तिसरा दगड, तेच. तीन दगडांवरून नदीचा निवाडा होत नाही, पण लहानपणी याच जागी बापाबरोबर दोन शेपट्यांचे किडे मुठीने गोळा केल्याचं ते सांगत होते. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, असं आपण मुलांना शिकवतो. नदीत काय सोडू नये, हे शिकवायला कोणत्या इयत्तेत जागा आहे, मला सापडलेली नाही.

चाचांनी त्या दिवशी दोन ट्राउट ठेवले, लहान होते ते सोडले. खाण्यापुरतं घ्यायचं, नुसत्या मौजेसाठी जीव मारायचा नाही, हा त्यांचा हिशेब. रात्री मोहरीच्या तेलात तळलेला तो मासा मुलांनी काट्यासकट संपवला.

सह्याद्रीतल्या वाहत्या ओढ्यांतही स्टोनफ्लायच्या जाती आहेत. पावसाचा जोर ओसरला की आंबोलीकडे किंवा कोयनेच्या वरच्या अंगाला जाल तेव्हा मुलांना एखादा दगड उचलून शेपट्या मोजू द्या. दगड मात्र होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायला लावा. खाली कुणाचं तरी घर असतं.