मेरापीचं घर, किल्लारीचं घर

इंडोनेशियाच्या भाषेत आपत्तीला ‘बेन्चाना’ म्हणतात. हा शब्द तिकडे गेला तो आपल्या संस्कृत ‘वंचना’वरून. म्हणजे मुळात फसवणूक. मराठीतला ‘वंचित’ त्याच घरचा. गावाला ते ‘देसा’ म्हणतात आणि गावच्या प्रमुखाला ‘केपाला देसा’, म्हणजे गावाचं कपाळच! हक्क तिथेही ‘हक’. समाजाला शब्द आहे ‘मशाराकत’, ही आपल्या उर्दूतली मुशारकत, भागीदारी. आणि गावाने एकत्र बसून सल्लामसलत करण्याला ‘मुशावारा’. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या बाईला असं काही सापडलं की दोन दिवस दुसरं काही सुचत नाही.

पण मी तिथे पोचले शब्दांमागे नव्हे. नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, ज्वालामुखीत घर गेलं तर पंचनामा कशाचा करतात?” कोकणातली पोर, पुराचा पंचनामा तिने पाहिलेला. पुरानंतर निदान भिंतीवर पाण्याची रेघ राहते. राखेखाली गाव गेलं तर तलाठी मोजणार काय? वर्गात मी तिला एवढंच सांगितलं की आपण सगळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावरच राहतो, सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजे तोच. मुली हसल्या, तास संपला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

जावा बेटावर योग्याकार्ता शहराच्या उत्तरेला मेरापी उभा आहे. जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. २०१० च्या २५ ऑक्टोबरला तिथे सर्वांत वरच्या पातळीचा इशारा दिला गेला आणि २६ तारखेच्या संध्याकाळी पहिला स्फोट झाला. डोंगराच्या उतारावर किनारेजो नावाची वस्ती होती. तिथे सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार राहत, म्बा मारिजान. ‘म्बा’ म्हणजे आजोबा. २००६ च्या उद्रेकातही ते गाव सोडून खाली आले नव्हते, तेव्हा वाचले आणि देशभर प्रसिद्ध झाले. या वेळीही ते हलले नाहीत. त्यांचा मृतदेह सजद्याच्या अवस्थेत सापडला, अशी बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. आपल्याकडे हे ऐकून कुणी पटकन ‘सुबहानल्लाह’ म्हणेल. म्हणावं. पण आधी उंट बांधायची हदीसही आपल्याला पाठ आहे, आणि त्यांच्याबरोबर त्या संध्याकाळी इतरही माणसं गेली.

खरा घाला ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर पडला. तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट गेंदोल नदीच्या घळीतून खाली धावले, डोंगरमाथ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंत. धोक्याचा घेर दहावरून पंधरा आणि मग वीस किलोमीटर करावा लागला. साडेतीनशेहून अधिक माणसं मेली, साडेतीन लाखांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली. पेतुंग नावाच्या वस्तीत आज एका पडक्या घरातच छोटं संग्रहालय आहे. वितळलेल्या बाटल्या, गायीची हाडं, आणि बारा वाजून पाच मिनिटांवर थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ. नाव आहे ‘सिसा हार्ताकू’. सिसा म्हणजे शेष, हार्ता म्हणजे अर्थ. माझं उरलेलं धन.

या उतारावरचं मोठं धन म्हणजे दुभती गाय. छावणीत माणसं सुरक्षित होती, गायी वर होत्या. बाप्ये सकाळी पोलिसांची नजर चुकवून वर जायचे, वैरण टाकायचे, धार काढायचे, परत यायचे. सरकारने ओळखलं की माणसाला खाली ठेवायचं तर गायीची सोय करावी लागेल. राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी गुरं सरकार विकत घेईल असं जाहीर केलं. सगळ्यांनी काही विकली नाहीत. पैसे संपतात, गाय दूध देते, हा हिशोब औशाच्या शेतकऱ्यालाही कळतो. तरी मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. उद्रेक चालू असतानाच कुणीतरी विचारलं होतं की हा माणूस जगतो कशावर.

आता घरांच्या पैशाकडे येते, कारण माझा जीव अडकला आहे तो तिथे.

उतारावरच्या उद्ध्वस्त वस्त्यांसाठी ‘रेकोम्पाक’ नावाची योजना वापरली गेली. ती मेरापीसाठी जन्मली नव्हती. २००४ च्या त्सुनामीनंतर आचेहमध्ये ती घडली, २७ मे २००६ च्या योग्याकार्ता भूकंपानंतर जावामध्ये आली. त्या भूकंपात साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली होती आणि पुनर्बांधणीसाठी देणगीदार देशांचा एकत्र निधी जागतिक बँकेच्या देखरेखीखाली उभा राहिला होता. २०१० मध्ये मेरापी फुटला तेव्हा हे सगळं तयार होतं. लोकांना मदत करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते होते, हिशोबाची पद्धत होती, २००७ चा आपत्ती कायदा होता आणि त्याखाली आलेली राष्ट्रीय यंत्रणा होती. पैशाला वाट माहीत होती. नाहीतर पैसा मंजूर होतो आणि वाट शोधण्यातच दोन पावसाळे जातात, हे आपण पाहिलं आहे.

एका कुटुंबाला घरासाठी मिळाले तीन कोटी. दचकू नका, रुपिया! तेव्हाच्या दराने आपले दीड लाखाच्या आसपास. सोबत सुरक्षित जागी शंभर चौरस मीटर जमीन, त्यावर छत्तीस चौरस मीटरचं भूकंपातही टिकेल असं पक्कं घर. रक्कम एकेकट्याच्या हातात एकदम पडत नव्हती. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक गट, गटाचं बँकेत खातं, खात्यात पैसे हप्त्याने. पहिल्या हप्त्याचा हिशोब दिल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. सिमेंट कुठून आणायचं, गवंडी कोण, आधी कुणाचं घर उचलायचं, हे गट ठरवणार. विधवा किंवा म्हाताऱ्या माणसाचं घर आधी उचलायचं की नाही हेही तिथेच ठरायचं, मुशावाऱ्यात. खर्चाचा आकडा गावात सगळ्यांना दिसेल असा लावायचा. रस्ते, गटारं, संकटात पळायच्या वाटा यांचा आराखडाही वस्तीने बसून काढायचा आणि त्यासाठी वेगळा निधी मागायचा.

छत्तीस चौरस मीटर म्हणजे साधारण ३९० चौरस फूट. कुणाची किती शेती राखेखाली गेली, कुणाला किती गुरं होती, याचा घराच्या मापाशी संबंध नव्हता. सगळ्यांना तेवढंच.

हा आकडा वाचला आणि मला नाना आठवले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी सहावीत होते. नाना-नानी त्या रात्री योगायोगाने आमच्याकडे तालुक्याच्या गावी होते म्हणून वाचले. नानांचं घर, दगड-मातीचं, जाड भिंतींचं, वर मातीचा भार असलेलं, बसलं ते बसलंच. नाना पिंजारी. गावभरच्या गाद्या-रजया भरायचे. ओसरी मोठी होती, कारण कापसाला जागा लागते. शेती गुंठाभरही नाही.

लातूर आणि उस्मानाबाद मिळून बावन्न गावं नव्या जागी उठवून न्यायची ठरली, त्यात आमचंही. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारचा पैसा, देणगीदार संस्था, सगळे धावले आणि घरं खरंच उभी राहिली, हे नाकारणं बेइमानी होईल. पण घराचं माप ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सातच्या वर असेल त्याला ७५०. नाना शेवटपर्यंत एकच विचारायचे, “बेटा, जमीन गेली नव्हती, घर गेलं होतं. मग मोजली जमीन का?”

या प्रश्नाला माझ्या बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नव्हतं. गावात आतार, मनियार, बागवान, न्हावी, सुतार, मातंग, ज्यांच्या नावावर सातबारा नाही ते सगळे एका रांगेत आले, सर्वांत लहान घरांच्या रांगेत. नवं गाव पट्टी लावून आखल्यासारखं सरळ होतं. नानांनी बाहेर पत्र्याचं छप्पर टाकून कापूस पिंजला. पावसाळ्यात काम बंद.

त्याच भूकंपात दुसरंही काही घडलं होतं, ते कमी लोकांना आठवतं. जी गावं उठवायची नव्हती तिथल्या सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती झाली. तिथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती आले, आणि गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ नेमून लोकांना पद्धत समजावण्याचं काम दिलं गेलं. म्हणजे मेरापीच्या लोकांनी जे केलं त्याचा एक धागा आपल्या मराठवाड्यात सतरा वर्षं आधी होता. आपण तो पुढे ओढला नाही, एवढंच.

मेरापीची योजना म्हणजे जन्नत होती असं कुणी समजू नये. घराचे तीन कोटी मिळायचे ते खाली उतरायला तयार असलेल्यांना. २०११ मध्ये स्लेमान जिल्ह्याने वरच्या धोक्याच्या पट्ट्यात कायमचं राहायला बंदी घातली. शेती करा, गवत कापा, मालकी तुमचीच, पण रात्र तिथे काढायची नाही. बहुतेक लोक उतरले. पागेरजुरांगसारख्या नव्या वसाहतींत गेले, तिथे गायींसाठी सामाईक गोठे झाले. पण चारा वर आणि गोठा खाली! रोज दुचाकीवर गवताचे भारे लादून फेऱ्या. गायीच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला ते गोठे परके वाटले तर नवल नाही. किनारेजोच्या राखेतून आज जीपगाड्या पर्यटक फिरवतात, नदीतल्या वाळूचा धंदा चालतो, कित्येकांचं पोट आता त्यावर आहे.

आणि काही उतरलेच नाहीत. ग्लागाहार्जो गावाच्या वरच्या वस्त्यांनी, कालितेंगा लोर आणि तिच्या शेजारच्यांनी, सरळ नाही म्हटलं. घराचं अनुदान नको, जागा सोडणार नाही. स्वतःच्या पैशाने, एकमेकांच्या हातांनी त्यांनी घरं परत बांधली. अशा श्रमदानाला जावात ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. सरकारला राग आला, सोयी मिळणार नाहीत अशी भाषा झाली. मला हे लोक आडमुठे वाटत नाहीत. त्यांनी हिशोब केला होता, फक्त तो रुपियात नव्हता. पण त्यांना अनुदान नाकारणं चूक होतं का, यावर माझं मन अजून पुरतं ठरत नाही. सरकारने दर उद्रेकानंतर त्याच घळीच्या तोंडाशी घरं बांधून द्यावीत, हेही मला म्हणवत नाही.

आपल्या लोकांबद्दल एक बोलते, राग मानू नका. संकट आलं की आपली पोरं सगळ्यात आधी पोचतात. जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मशिदींमधून खिचडीच्या देगा निघाल्या, चिखल उपसताना कुणी घराबाहेरचं नाव वाचलं नाही. अल्लाह कबूल करो. पण देग संपते तिथे आपलं काम संपतं. माझ्या ओळखीच्या एक विधवा खाला भाड्याच्या खोलीत कपडे शिवायच्या. पंचनाम्यात घरमालकाचं नाव आलं, त्यांचं मशीन आलं नाही. मी त्यांना घेऊन एका कार्यालयात तीन खेटे घातले. तिथे कुणी वाईट बोललं नाही, फक्त दर वेळी वेगळा कागद मागितला. चौथ्यांदा खालाच म्हणाल्या, “जाने दो बेटा, ज़कातमधून कुणीतरी देईल.” दिलंही कुणीतरी. मशीन आलं. पण जे हक होतं ते ख़ैरात होऊन आलं, आणि कागदावर खालांचं काहीच वाहून गेलेलं नाही. पुढचा पूर आला की तो कागदच बोलणार.

जमातीच्या एका बैठकीत मी हे मांडलं. कंबलवाटपाच्या निम्म्या पैशात चार शिकलेली मुलं-मुली दोन महिने अर्ज भरायला बसवा, म्हटलं. एक बुजुर्ग म्हणाले, बाजी, सरकारच्या दारात कोण जाणार? मी त्यांना मेरापीचं सांगितलं. तिथले लोकही नमाजी, तेही सरकारच्या दारात गेले, गट करून गेले, वह्या घेऊन गेले. त्यांनी मान हलवली. पुढच्या जुम्याला कंबलांसाठी चंदा झाला. अर्जांसाठी दोन मुली मात्र तयार झाल्या आहेत, दोघी माझ्याच जुन्या विद्यार्थिनी.

मेरापीच्या पायथ्याशी असलेल्या मागेलांग जिल्ह्यात पुढे आणखी एक युक्ती झाली. वरच्या प्रत्येक धोक्याच्या गावाला खालचं एक गाव जोडून दिलं, ‘देसा बरसौदारा’, म्हणजे भाऊगाव. सौदारा हा शब्द आपल्या ‘सोदर’चाच. डोंगर गुरगुरला की कुणी कुणाकडे जायचं, गुरं कुठे बांधायची, आधीच ठरलेलं. छावणी शोधत फिरायचं नाही, ठरलेल्या घरी जायचं.

कालितेंगा लोरचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये इशारा पुन्हा वाढला. या वेळी म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान मुलं वेळेवर खाली आली. ग्लागाहार्जोच्या गावसभागृहात, कोविडमुळे मध्ये आडोसे घालून त्यांची सोय झाली. जेवण सरकारी खर्चाने. दहा वर्षांपूर्वी त्यांनी सरकारचं ऐकलं नव्हतं म्हणून कुणी त्यांना दारातून परत पाठवलं नाही. पुढच्या जानेवारीत लाव्हाची दिशा नैऋत्येकडे वळली, तेव्हा ते आपापल्या गायींकडे वर परतले.