सलामत

चार वर्षांपूर्वी बदलीचा हुकूम घेऊन आम्ही म्हैसूरला आलो, तेव्हा सामानाबरोबर एक निश्चयही बांधून आणला होता. घरात मराठीच बोलावयाची, आणि तीही शुद्ध! आमची नऊ वर्षांची कन्या जेवताना ‘भात साकु’ म्हणाली, की आम्ही तत्काळ ‘साकु नव्हे, पुरे’ अशी दुरुस्ती करीत असू. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले; मग आम्ही निदान आपले स्वयंपाकघर तरी राखू नये काय? या दक्षतेचे फळ असे मिळाले, की मैत्रिणींशी कन्नडमध्ये अखंड चालणारी कन्येची जीभ आमच्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्यावरच थांबू लागली.

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठात संशोधन करणारा एक इराणी तरुण राहतो. गोकुळम भागात योगाभ्यासासाठी आलेल्या, त्याच्या परिचयाच्या एक फिलिपिनो बाई त्याच्याकडे आल्या होत्या. संध्याकाळी वीज गेली, तशी दोघेही आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. सौभाग्यवतींनी कोकमाचे सरबत पुढे केले. पेला परत देताना बाई म्हणाल्या, “सलामत!”

इराणी तरुण चमकला. “हा तर आमचा शब्द!” बाईंच्या भाषेत त्याचा अर्थ ‘आभारी आहे’, त्याच्या भाषेत ‘क्षेमकुशल’. एवढ्यात दाराआडून कन्या ओरडली, “आजोबा म्हणतात तो! शिर सलामत तर पगडी पचास!” आणि आमच्याकडे वळून, “बाबा, मग हा शब्द कुणाचा?”

आम्ही निरुत्तर झालो. पुढे पुस्तके चाळली. शब्द मुळात अरबी. फारसीने तो आपलासा केला आणि तिच्याकडून तो मराठीत आला. मलायी भाषेत ‘सेलामत’ होऊन तो फिलिपिन्सला पोहोचला; आणि त्याच्या शेवटच्या ‘त’वरून तो मलायीतही फारसीच्या मुखातून, हिंदुस्थानच्या वाटेने गेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. ती वाट पुढेही वाहती होती. सतराव्या-अठराव्या शतकांत इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातील आर्मेनियन व्यापारी मद्रासहून मनिलाला माल नेत असत. आमचे म्हैसूर तरी कुठे निराळे? टिपूच्या दरबारी फारसी चाले. आणि १९२६ ते १९४१ या काळात येथील दिवाण असलेले मिर्झा इस्माईल हे शिराझहून आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्याचे नातू.

आणि आम्ही? ‘सरकार’, ‘दफ्तर’, ‘हुकूम’ हे सारे फारसीच्याच हातून आलेले. इतकेच काय, ‘कारकून’ हे आमचे पददेखील! शुद्धीची झडती घ्यावयाची, तर प्रथम आम्हांलाच घराबाहेर उभे राहावे लागेल.

त्या रात्री जेवताना कन्येच्या तोंडून ‘साकु’ निसटले. तिने भीतभीत आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “साकु तर साकु, पण आज शाळेत काय झाले, ते सांग.”

ती सांगू लागली. अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. ऐकता ऐकता आमच्या पानातला भात निवून गेला.